एकतीस पायऱ्यांचा चार्ज

"हातोडे मिळणार नाहीत," काकू म्हणाली आणि कार्यशाळेच्या दारातच स्टूल टाकून बसली.

समोर टोपी उभी होती. टोपी म्हणजे शेवटच्या वर्षाची मुलगी. पाच वर्षांत तिचं डोकं उघडं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून अख्खं कॉलेज तिला टोपीच म्हणायचं. तिच्यामागे तिच्या गटातली तिघं, हाताला फडकी गुंडाळून, घमेली घेऊन तयार.

"काकू, मस्करी नका ना करू. तीनच्या आत पाडून व्हायला पाहिजे."

"मी कधी मस्करी केलीय तुझ्याशी?"

"रोज करता."

"आज नाही करत."

वास्तुकलेच्या त्या कॉलेजात हा रिवाज वर्षानुवर्षं चालत आला होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी जे कागदावर काढलं, ते खऱ्या मापात, खऱ्या दगडमातीत बांधून दाखवायचं. बाहेरून परीक्षक यायचे, आत शिरून, हात लावून बघायचे, मार्क द्यायचे. आणि दुसऱ्या दिवशी पाडापाडी. काकू कार्यशाळेतून हातोडे मोजून द्यायची, संध्याकाळी मोजून परत घ्यायची, आणि मग एक चिठ्ठी लिहायची : जागा पूर्ववत केली. खाली सही, वर शिक्का. ती चिठ्ठी परीक्षा विभागात पोचल्याशिवाय मुलाचा निकाल लागत नसे.

बावीस वर्षांत काकूने काय काय पाडायला लावलं, ते सांगायला बसलं तर दिवस पुरणार नाही. विटांची एक कमान होती, अशी देखणी की परीक्षक तिच्याखाली उभे राहून चहा प्यायले. बांबूची एक शेड होती, तिच्यात शेजारच्या शाळेतली पोरं आठ दिवस डबा खायला बसली होती. सगळं काकूच्या डोळ्यांदेखत उभं राहिलेलं, तिच्याच हत्यारांनी, पुष्कळदा तिच्याच सल्ल्याने. आणि तिच्याच हातोड्यांनी खाली आलेलं. पाडताना मुलं हसायची, फोटो काढायची. काकू हसायची नाही, पण आडवीही यायची नाही. नोकरी म्हणजे नोकरी, असं ती स्वतःला बजावायची, आणि ते तिला पटायचंही.

या वर्षी मात्र घोडं अडलं, आणि तेही तिच्याच दारात.

कॉलेजच्या मागे जमीन एकदम खाली उतरते. पायथ्याशी चाळीसेक घरांची गल्ली आणि त्यातलं चौथं घर काकूचं. बस, दवाखाना, शाळा, दुकानं, सगळं वर रस्त्याला. वर जायचं तर तो मातीचा उतार चढायचा, नाहीतर अर्ध्या तासाचा वळसा घ्यायचा. उतार कॉलेजच्या मालकीचा, पण चढायचा गल्लीने आणि त्यावरून पडायचंही गल्लीनेच. काकूच्या नवऱ्याचा गुडघा तिथेच कामातून गेला. हातात औषधाची बाटली घेऊन उतरत होता बिचारा. बाटली शाबूत राहिली, गुडघा नाही.

टोपीने आपल्या प्रकल्पासाठी नेमका हाच उतार धरला. तिचं पहिलं मॉडेल काकूच्या टेबलावर आलं तेव्हा त्यात वरपासून खालपर्यंत एक सरळसोट जिना होता आणि त्यावर पुठ्ठ्याची इवलीइवली वीस माणसं चिकटवलेली होती.

"ही सगळी एकाच आईची लेकरं दिसतात," काकू म्हणाली.

टोपीला कळेना.

"अगं, बघ ना. सगळे उंच, सगळे सडपातळ, सगळ्यांच्या खांद्याला एकच पिशवी. ह्यातलं आमच्या गल्लीत कुणीही राहत नाही."

खरं सांगायचं तर ती चूक एकट्या टोपीची नव्हती. माणसं कापायचा साचा कार्यशाळेत एकच होता आणि कित्येक वर्षं सगळ्या तुकड्या त्याच साच्यावरून माणसं कापत आल्या होत्या. कुणी दवाखाना काढो, कुणी बाजार, आत फिरणार तोच उंच पिशवीवाला. आणि साचा काढून द्यायची काकूच. इतकी वर्षं हे आपल्या नजरेत आलं नाही, याची तिला त्या दिवशी लाज वाटली.

टोपी दुसऱ्या दिवशी उतारावर जाऊन बसली ती तीन दिवस बसली. हातात चुन्याची पिशवी. चढणारं माणूस जिथे थांबेल तिथे चिमूटभर चुना टाकायचा, एवढंच तिचं काम. गल्लीतल्या बायकांना आधी वाटलं, पोरीला काहीतरी झालंय. तिसऱ्या दिवशी उतारावर तीन जागी पांढरे ठिपके दाट झाले होते.

"तिथे दम लागतो," काकूने सांगितलं.

"मग तिथे ओटे," टोपी म्हणाली.

पायरीची उंची तिने वर्गात शिकवली तेवढीच धरली होती. गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने, जिला सगळेच आत्या म्हणायचे, रचून ठेवलेल्या विटांवर पाय टाकून बघितला आणि निकाल दिला. "एवढा पाय उचलत असता तर मी नाचले नसते का?" पायरी तीन बोटं खाली आली. जिना सरळसोट होता तो जरा वाकला, कारण मधे एक झाड होतं आणि ते काढायला कुणी तयार होईना.

मग दोन महिने नुसतं काम. पायऱ्यांना दगड उतारातच निघाले. कडेने उतार धरून ठेवायला चोपलेल्या मातीची भिंत घातली. फळ्यांच्या साच्यात मातीचा थर टाकायचा, धुमसाने चोपून चोपून बसवायचा, की त्यावर दुसरा थर. माती घराघरातून आली, ज्याच्या त्याच्या दारची एकेक पाटी. त्यामुळे भिंतीत तांबडे, राखी, पिवळे असे पट्टे दिसायचे आणि जाणारायेणारा आपला पट्टा दुसऱ्याला दाखवायचा. आत्याचा पट्टा पिवळट. तोच सगळ्यात घट्ट बसलाय असं ती सगळ्यांना ऐकवायची, आणि त्यावरून दोन घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

अशा एकतीस पायऱ्या झाल्या, तीन ओटे झाले. काल परीक्षक आले, आत्याशेजारी ओट्यावर बसून बोलले, पैकीच्या पैकी मार्क देऊन गेले. आणि आज पाडापाडी.

"काकू, मला काय हौस आहे का पाडायची?" टोपीचा आवाज आता बदलला. "पण चिठ्ठी नाही तर निकाल नाही. पुढच्या आठवड्यात मला नोकरीवर हजर व्हायचंय. घरी काय सांगू? काकूंनी हातोडे दिले नाहीत म्हणून सांगू?"

सकाळपासून काकूने सगळी उत्तरं जुळवून ठेवली होती, पण ती सगळी विभागप्रमुख सरांना द्यायची. ह्या पोरीचं काय, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. पोरीचा निकाल लटकवून पायऱ्या राखायच्या, हे तिच्याने होणारं नव्हतं. पायऱ्या पाडायच्या, हेही होणारं नव्हतं. तिने टोपीच्या सोबत्यांना चहाला पिटाळलं आणि ती नुसती बसून राहिली.

बसली होती ते स्टूल तिच्याखाली डुगडुगलं. त्याचा एक पाय अकरा वर्षांपूर्वी मोडला होता, तारेने बांधलेला. टाकून का नाही दिलं, म्हणाल, तर ते साठा नोंदवहीत चढलेलं होतं. नोंदवहीत चढलेली वस्तू मोडीत काढायची तर तीन जणांची समिती बसावी लागते, आणि अकरा वर्षांत ती समिती काही बसली नव्हती. काकू उठली. स्टुलाकडे एकदा बघितलं.

"टोपे, आत ये. दार लोटून घे."

नोंदवहीच्या पहिल्या पानावर नियम छापलेले होते. त्यातला सातवा असा, की विद्यार्थ्यांच्या कामांतला अभ्यासाजोगा नमुना कार्यशाळा ठेवून घेऊ शकते, आणि तो कुठला ते कार्यशाळा सांभाळणाऱ्याने ठरवावं. या नियमाखाली काकूने आजवर लाकडाचे चार सांधे आणि एक जाळीची वीट ठेवून घेतली होती. नमुना केवढा असावा, हे नियमात कुठेच म्हटलेलं नव्हतं.

तिने पेन काढलं आणि सावकाश लिहिलं. दगडी पायऱ्या, एकतीस. ओटे, तीन. चोपलेल्या मातीची भिंत, एक. स्थिती उत्तम. ठिकाण मागचा उतार. खाली तारीख, सही, शिक्का. मग चिठ्ठीच्या पुस्तकातलं पान फाडून त्यावर लिहिलं : विद्यार्थिनीचं काम कार्यशाळेच्या साठ्यात जमा झालं, जागेवर तिचं काही उरलेलं नाही.

टोपीने दोनदा वाचलं. "हे चालेल?"

"शिक्का असला की चालतं."

"आणि तुमचं काय होईल?"

"माझं मी बघते. तू पळ आधी. परीक्षा विभागाची खिडकी चारला बंद होते."

टोपी पळाली. काकूने नोंदवही टेबलावर उघडीच ठेवली, पंख्याने पान उलटू नये म्हणून वर एक वीट ठेवली आणि वाट बघत बसली.

विभागप्रमुख साडेचारला आले. मुलं त्यांना पाठीमागे काटकोन म्हणायची, कारण ते उभे असोत की बसलेले, पाठ कधी वाकायची नाही. मनाने वाईट नव्हते, पण संस्थेच्या बैठकीत एकदा जे सांगून आले, ते तसंच्या तसं झालं पाहिजे, असा त्यांचा खाक्या होता.

"पडलं का?"

"नाही, सर." काकूने नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "बाई, हा काय पोरखेळ आहे?"

"नियम सात, सर. पहिलं पान."

"जागा संस्थेची आहे. आज ह्यांना पायऱ्या दिल्या तर उद्या दिवा मागतील, परवा नळ मागतील."

"मागतील. नाही म्हणायला तुम्ही आहातच की."

काटकोनांचा आवाज बारीक झाला. "खरं काय ते मला कळतं. बावीस वर्षं तुम्ही निमूट पाडलंत. आजच नियम आठवला, कारण हे तुमच्या घरासमोर आहे."

हे काकूला लागलं. लागलं, कारण खोटं नव्हतं. तिला वाटलं, मान खाली घालावी. पण मग तिला रागच आला, थोडा त्यांचा आणि बराचसा स्वतःचा.

"हो. माझ्या घरासमोर आहे म्हणूनच. दुसऱ्यांच्या दारातलं पाडलं तेव्हा मला कळलं नाही, ते माझं चुकलं. त्या पोरांची शेड पाडली तेव्हाच आडवं पडायला हवं होतं. आता कळलंय, तर आता नाही पाडणार."

"खोडा ती नोंद."

"खोडते. खोडायचं तर शेजारी कारण लिहून तुमची सही लागते. कारण काय लिहू, सांगा."

कारण लिहायचं म्हणजे कागदावर यायचं, आणि पैकीच्या पैकी मार्कांचं काम कशासाठी पाडलं, हे कागदावर लिहायची त्यांची तयारी नव्हती. काटकोन दारापर्यंत गेले आणि तिथून वळले.

"उद्यापासून तुम्ही आवक-जावकला बसा. टपाल बघा. कार्यशाळेचा चार्ज मी घेतो. एकदा चार्ज माझ्याकडे आला, की पुढचं काय ते मी बघतो."

"बरं, सर," काकू म्हणाली. तिने वीट जागेवर ठेवली आणि नोंदवही मिटली.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एके काळी बस चालवायचा. आता घरी बसून सगळ्या गल्लीच्या घड्याळांची दुरुस्ती करायचा आणि बायकोची थट्टा करायचा, दोन्ही फुकटात.

"म्हणजे उद्यापासून तू तिकिटं चाटणार."

"आता कुणी चाटत नाही तिकिटं. जेवा."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "वाईट वाटतंय?"

"वाटतंय ना." तिने ताटातला घास तसाच ठेवला. "तो करवतीचा आवाज, तो भुसा. पोरं दिवसभर काकू काकू करून डोकं खायची. तिकडे टपालात कोण येणार माझं डोकं खायला? फार वाईट वाटतंय."

"आणि पायऱ्या राहतील?"

"काय माहीत. उद्या चार्ज घेतील आणि बाहेरून माणसं आणून पाडतीलही."

"मग एवढं केलंस कशाला?"

"सुखासुखी पाडू देणार नव्हते म्हणून. पाडणाऱ्याला निदान घाम फुटू दे."

नवरा हसला आणि त्याने आपल्या ताटातली भाजी तिच्या ताटात वाढली. ती नको म्हणत असतानाच.

सकाळी दहाला चार्ज देणं सुरू झालं. काटकोन यादी घेऊन उभे, काकू एकेक वस्तू पुढे ठेवत होती. हातोडे चोवीस. करवती नऊ. छिन्न्या सतरा. धुमस सहा. माणसांचा साचा, एक. स्टुलं बारा, पैकी एक मोडकं. अर्ध्या तासात काटकोन कंटाळले.

"बाकीचं बरोबर आहे असं धरून चालू."

"धरून कसं चालू, सर? उद्या काही कमी निघालं तर बोट माझ्याकडे." काकूने पुढचा खण उघडला. "पटाशा, अकरा. मोजा."

साडेअकराला यादीच्या शेवटी आले. काटकोनांनी हुश्श केलं आणि सहीला हात पुढे केला. काकूने यादी मागे घेतली.

"शेवटचा नग राहिलाय. उतारावर. चला."

"एकतीस आहेत. मला माहीत आहे."

"तुम्ही उतरलात कधी त्या?"

काटकोन उतरले नव्हते. परीक्षकांबरोबर आले तेव्हाही वरच्या कडेला उभे राहिले होते, बाकी सगळं त्यांनी फोटोत पाहिलं होतं. यादी अपुरी राहिली तर चार्ज पुरा होत नाही, आणि चार्ज पुरा झाला नाही तर ही बाई कार्यशाळेतच राहते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते निघाले.

गल्लीला खबर लागलेली होतीच. माणसं खाली उभी होती, घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही, नुसती बघत. नवरा पहिल्या ओट्यावर, आत्या मधल्या. वर कठड्याशी मुलं जमलेली, त्यांत टोपी. काटकोन मोजत मोजत खाली उतरले आणि थांबले.

"तीस."

"एकतीस, सर."

"तीस आहेत. मी मोजल्या."

"मग एक कमी भरते. कमी नगावर मी सही करणार नाही. चढून मोजा."

सगळ्यात खालची पायरी गल्लीच्या मातीत अर्धी बुडालेली होती, ती ते नुसतेच ओलांडून गेले होते. तिथपासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. ऊन चढलं होतं. पहिल्या ओट्याशी त्यांनी कॉलरचं बटण सोडलं. मधल्या ओट्यापाशी आले तेव्हा छाती वरखाली होत होती आणि तोंडातला आकडा ऐकू येईनासा झाला. आत्या सरकली आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"बसा. तिथेच दम लागतो सगळ्यांना."

त्यांना बसायचं नव्हतं. पण पाय ऐकेनात, तेव्हा बसले. भिंत पाठीमागेच होती. टेकलेला काटकोन मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, पण कुणी हसलं नाही. भिंत गार लागली असावी. त्यांनी वळून तिच्यावर तळवा ठेवला, बोटाने थरांच्या रेघा चाचपल्या. कधीकाळी त्यांनीही असंच काहीतरी बांधलं असेल आणि दुसऱ्या दिवशी पाडलं असेल. काकूला हे तेव्हा सुचलं, आणि तिला त्यांची थोडी कीव आली. पण थोडीच.

"तो पिवळा आमचा," आत्या म्हणाली. "सगळ्यात घट्ट."

"हं," काटकोन म्हणाले. मग उठले आणि घुटमळले.

"सोळा झाल्या," आत्याने सांगितलं. "मी रोज मोजते."

उरलेल्या त्यांनी हळूहळू मोजल्या. वर पोचले तेव्हा काकू यादी घेऊन उभी होती.

"एकतीस," ते म्हणाले.

तिने यादी भिंतीच्या माथ्यावर पसरली आणि पेन दिलं. आकडा लिहून झाला. पुढे स्थितीचा रकाना होता. तिथे त्यांचा हात थांबला.

"काय लिहू?"

"दिसलं ते लिहा. फक्त एक ध्यानात असू द्या, सर. हे आता तुमच्या नावावर चढतंय. समिती बसेपर्यंत ह्यातला एक दगड जरी हलला, तरी कुठे गेला म्हणून तुम्हाला विचारतील."

काटकोनांनी तिच्याकडे पाहिलं. खाली गल्लीकडे पाहिलं, कठड्याशी उभ्या मुलांकडे पाहिलं. एक बाई कडेवर पोर आणि हातात पिशवी घेऊन चढत होती. ती मधल्या ओट्याशी थांबली, पिशवी टेकवली, श्वास घेतला आणि पुढे निघाली. ती वर येऊन त्यांच्या बाजूने निघून जाईपर्यंत ते तसेच उभे होते. मग त्यांनी लिहिलं, सुस्थितीत मिळाले, आणि सही केली.

काकूने किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांच्या हातावर ठेवला. बावीस वर्षांचं ओझं, तरी देताना हात जड झाला. काटकोनांनी किल्ल्या खिशात टाकल्या आणि सवयीने पेनही खिशाला अडकवलं.

"सर, पेन माझं आहे."

त्यांनी ते काढून दिलं. काकूने टोपण घट्ट बसवलं आणि ती टपालाच्या खोलीकडे चालायला लागली.